घरचा गेम सर्व्हर मित्रांना दिसत का नाही, आणि दिसायला काय करायचं

पोर्ट फॉरवर्ड करून झालं (बाहेरून येणाऱ्यांना राउटरमधून सर्व्हरपर्यंत वाट काढून दिली), फायरवॉल चक्क बंद करून झाली, राउटर पुन्हापुन्हा रिस्टार्ट करून झाला, तरी ठाण्यातल्या मित्राच्या स्क्रीनवर ‘कनेक्शन टाइम्ड आउट’च येतंय. मुंबईत घरून गेम सर्व्हर चालवायला निघालेल्या पुष्कळांची पहिली संध्याकाळ अशी जाते. गंमत अशी की दोष अनेकदा राउटरच्या सेटिंगमध्ये नसतोच. मित्राने पाठवलेलं पॅकेट, म्हणजे डेटाचा तुकडा, तुमच्या राउटरपर्यंत आलेलंच नसतं, मग तिथे कितीही दारं उघडा, काय उपयोग?

म्हणून या लेखात क्रमाला महत्त्व आहे. सगळ्यात आधी बाहेरचा पत्ता तुमच्या मालकीचा आहे का ते बघायचं. तो प्रश्न सुटला की आतून बाहेर यायचं: आधी सर्व्हर, मग घरातलं नेटवर्क, मग मशीनची फायरवॉल, मग राउटर, शेवटी बाहेरचं जग. एक टप्पा चालतोय हे डोळ्यांनी पाहिल्याशिवाय पुढच्याला हात लावायचा नाही. चार गोष्टी एकदम बदलल्या की कशामुळे चाललं आणि कशामुळे बंद पडलं, काहीच कळत नाही.

उदाहरणासाठी माइनक्राफ्टची जावा आवृत्ती घेतली आहे, कारण सर्वाधिक लोक तिथूनच सुरुवात करतात. तिचा ठरलेला पोर्ट टीसीपी २५५६५. पोर्ट म्हणजे मशीनचं नंबर दिलेलं दार, आणि टीसीपी, यूडीपी हे डेटा पाठवण्याचे दोन प्रकार, म्हणजे प्रोटोकॉल. तुमचा खेळ वेगळा असेल तर फक्त पोर्ट आणि प्रोटोकॉल बदलतो. माइनक्राफ्ट बेडरॉक यूडीपी १९१३२ वर ऐकतो, टेरारिया टीसीपी ७७७७ वर, फॅक्टोरिओ यूडीपी ३४१९७ वर, व्हॅल्हाइम यूडीपी २४५६ आणि २४५७ वर. टीसीपी की यूडीपी हे डोळे उघडे ठेवून वाचा. पोर्ट बरोबर आणि प्रोटोकॉल चुकीचा, हा घोळ फार नेहमीचा आहे.

आधी पत्ता कोणाचा ते बघा

राउटरच्या पानावर लॉगिन करा. पत्ता बहुधा १९२.१६८.१.१ किंवा १९२.१६८.०.१ असतो, पासवर्ड डब्याच्या खालच्या स्टिकरवर. तिथे ‘स्टेटस’ किंवा ‘वॅन’ नावाच्या पानावर राउटरला बाहेरून मिळालेला आयपी, म्हणजे इंटरनेटवरचा पत्ता, दिसेल. तो लिहून घ्या. मग ब्राउझरमध्ये ‘व्हॉट इज माय आयपी’ शोधा आणि तिथला आकडा त्याच्याशी ताडून पाहा. मोबाइलवर बघत असाल तर मोबाइल डेटा बंद आणि वायफाय चालू असू द्या. व्हीपीएन चालू असेल तर तोही बंद करा.

दोन्ही आकडे तंतोतंत सारखे निघाले तर तुमच्याकडे पब्लिक आयपी (बाहेरून थेट गाठता येणारा पत्ता) आहे आणि पुढचं काम सोपं आहे.

वेगळे निघाले तर राउटरमधल्या आकड्याची सुरुवात बघा. १९२.१६८ ने सुरू होत असेल तर तुमच्याच घरात एकामागे एक असे दोन राउटर आहेत: कंपनीचा फायबरचा डबा आणि त्याला जोडलेला तुमचा स्वतःचा. हा डबल नॅट (नॅट म्हणजे एका बाहेरच्या पत्त्यामागे अनेक उपकरणं चालवणं), याचा उपाय पुढे आहे. १००.६४ पासून १००.१२७ पर्यंत काहीही असेल तर तुम्ही सीजीनॅटच्या मागे आहात. ही पत्त्यांची पट्टी २०१२ मध्ये खास याच कामासाठी राखून ठेवली गेली. १० ने किंवा १७२.१६ ते १७२.३१ ने सुरू होणारा आकडा बहुतेक वेळा नेटवाल्याच्या आतल्या नेटवर्कचा, म्हणजे व्यवहारात तोही सीजीनॅटच.

सीजीनॅट म्हणजे नेट कंपनीने शेकडो घरांना मिळून एकच बाहेरचा आयपी देणं. तुम्ही आतून काही मागितलं की उत्तर बरोबर तुमच्याकडे येतं, कारण मागणी कोणाची होती याची नोंद कंपनीच्या यंत्रात असते. पण बाहेरून कोणी स्वतःहून आलं, तर ते मोठ्या टॉवरच्या नावाने, फ्लॅट नंबर न लिहिता आलेलं कुरियर ठरतं: गेटवरूनच परत. ही अडवणूक मुद्दाम केलेली नाही. आयपीव्ही४ मध्ये, म्हणजे पत्त्यांच्या जुन्या पद्धतीत, एकूण पत्ते सुमारे ४२९ कोटी, आणि जगाच्या मध्यवर्ती साठ्यातले शेवटचे गठ्ठे फेब्रुवारी २०११ मध्येच वाटून संपले. त्यानंतर घरोघरी ब्रॉडबँड पोचवणाऱ्यांनी प्रत्येकाला वेगळा पत्ता आणायचा कुठून?

नेटवाल्याशी बोलताना

सीजीनॅट निघाला तर पहिला फोन नेटवाल्याला. मोठी कंपनी असेल तर कस्टमर केअरला ‘स्टॅटिक पब्लिक आयपीव्ही४’ (स्टॅटिक म्हणजे न बदलणारा) हेच शब्द वापरून विचारा. गल्लीतला केबलवाला असेल तर संवाद साधारण असा होतो:

“दादा, आम्हाला पब्लिक आयपी मिळेल का?”
“आयपी तर सगळ्यांनाच असतो साहेब. नेट चालू आहे ना?”

इथे हार मानू नका. “सीसीटीव्हीचा डीव्हीआर बाहेरून बघायचाय, त्याला लागतो तो स्टॅटिक आयपी” असं म्हटलं की लगेच ट्यूब पेटते, कारण दुकानदार आणि ऑफिसवाले त्याच्याकडे नेमकं तेच मागत असतात. पैसे महिन्याचे की वर्षाचे, आयपी कायमचा तोच राहणार की फक्त पब्लिक असणार पण बदलत राहणार, हे दोन्ही स्पष्ट विचारून घ्या. बदलणारा पब्लिक आयपीसुद्धा आपल्याला चालतो. आणि घरगुती प्लॅनच्या अटींमध्ये सर्व्हर चालवण्याबद्दल काय लिहिलंय तेही एकदा वाचा.

नकार आला तरी लेख इथे सोडू नका. मशीनपर्यंतची सगळी तयारी सारखीच आहे. शेवटचा टप्पा तेवढा बदलतो, त्यासाठी पुढे वेगळा भाग आहे.

मशीन कुठलं

पाच-सहा मित्रांच्या माइनक्राफ्टला नवीन काही विकत घेऊ नका. ८ जीबी रॅम आणि एसएसडी असलेला जुना लॅपटॉप पुरतो. ग्राफिक्स कार्डाची गरजच नाही. मोडकी स्क्रीन असलेला लॅपटॉपही चालतो, आणि तसे लॅमिंग्टन रोडला फिरलात तर भावही करून मिळतात.

जुन्या डेस्कटॉपपेक्षा लॅपटॉप का, तर लाइट बिल. सरासरी ६० वॉट खाणारा डेस्कटॉप दिवसरात्र चालला तर महिन्याला सुमारे ४३ युनिट होतात. १५ वॉटवर बसलेला लॅपटॉप ११ युनिटांत भागतो. आपल्याकडे घरगुती वीजदर टप्प्यांचे: १०० पर्यंत, ३०० पर्यंत, ५०० पर्यंत आणि त्यापुढे. घर आधीच २७०-२८० युनिटांवर असेल तर सर्व्हरची वरची युनिटं पुढच्या महागड्या टप्प्यात पडतात, आणि मग घरात कोणीतरी विचारतंच. लॅपटॉपला आणखी एक फायदा, बॅटरी म्हणजे आयता यूपीएस. मात्र सतत चार्जिंगवर राहून ती फुगू शकते. चार्जिंग ८० टक्क्यांवर थांबवण्याची सोय बहुतेक लॅपटॉपमध्ये असते, ती चालू करा. झाकण मिटल्यावर झोपू नये, हे सेटिंगही लगेच बदला.

आणि लॅन केबल. वायफायवर सर्व्हर नको. मुंबईच्या इमारतीत एका खोलीत उभं राहून वायफायची यादी उघडली तर शेजारपाजारच्या पंधरा-वीस नावांची रांग दिसते. सगळे त्याच हवेत ओरडत असतात. खेळणाऱ्यांचं वायफाय खराब असेल तर एकट्याला त्रास होतो, सर्व्हरचं खराब असेल तर सगळ्यांना. मशीन राउटरशेजारी ठेवा, कॅट ६ ची छोटी केबल लावा, विषय संपला.

सर्व्हर आधी घरातल्या घरात

माइनक्राफ्टच्या अधिकृत साइटवरून सर्व्हरची जार फाइल उतरवा. सोबत जावा लागेल. खेळाच्या १.२०.५ आवृत्तीपासून निदान जावा २१ लागतो, जुन्यावर सर्व्हर उभाच राहत नाही. फाइल पहिल्यांदा चालवली की सर्व्हर लगेच बंद पडेल. घाबरू नका, तो तसाच वागतो. त्याने ‘युला’ नावाची एक फाइल बनवलेली असेल. ती उघडून अटी मान्य असल्याचं ‘फॉल्स’चं ‘ट्रू’ करा आणि पुन्हा चालवा. ८ जीबीच्या मशीनवर सर्व्हरला ४ जीबी रॅम द्या. सगळीच रॅम देऊ नका, ऑपरेटिंग सिस्टिमला श्वास घ्यायला जागा हवी.

‘सर्व्हर प्रॉपर्टीज’ या फाइलमध्ये ‘व्ह्यू डिस्टन्स’ (खेळाडूभोवती किती दूरपर्यंतचं जग दाखवायचं) ठरलेला १० असतो. जुन्या मशीनवर तो ७-८ वर आणला तर खेळणाऱ्यांच्या फारसं लक्षात येत नाही, पण प्रोसेसरवरचा भार चांगलाच उतरतो. त्याच फाइलमधली ‘सर्व्हर आयपी’ची ओळ मोकळी ठेवा. तिथे उगाच पत्ता भरला तर सर्व्हर त्याच पत्त्यावर अडकून बसतो.

आता तपासणी. आधी त्याच मशीनवरून ‘लोकलहोस्ट’ असा पत्ता टाकून जॉइन करा. मग घरातल्या दुसऱ्या मशीनवरून सर्व्हरचा घरातला आयपी टाकून जॉइन करा. विंडोजवर ‘आयपीकॉन्फिग’ हा आदेश तो आयपी दाखवतो. पहिलं चाललं आणि दुसरं नाही, तर दोष मशीनच्या फायरवॉलचा. राउटरचा अजून काही संबंधच आलेला नाही, त्याला उघडू नका.

मशीनची फायरवॉल

फायरवॉल बंद करून बघतो, मग परत चालू करतो, असं म्हणणारे ती परत चालू करत नाहीत. त्यामुळे तिला बंद न करता एकच वाट द्यायला शिका.

विंडोजवर जावा पहिल्यांदा चालली की परवानगी मागणारी चौकट येते. घाईत कोणी ‘कॅन्सल’ दाबलं असेल तर विंडोज गुपचूप जावाला अडवणारा नियम बनवून ठेवते. नंतर तुम्ही २५५६५ ला परवानगी देणारा कितीही सुंदर नियम लिहिला तरी काही होत नाही, कारण विंडोजच्या फायरवॉलमध्ये अडवणारा नियम परवानगीच्या नियमावर मात करतो. तेव्हा ‘विंडोज डिफेंडर फायरवॉल’च्या ॲडव्हान्स्ड खिडकीत ‘इनबाउंड रूल्स’ उघडा, जावाच्या नावाने लाल खुणेचे नियम असतील ते आधी काढा. मग नवीन नियम: प्रकार ‘पोर्ट’, प्रोटोकॉल टीसीपी, आकडा २५५६५, परवानगी द्या. घरचं नेटवर्क विंडोजमध्ये ‘पब्लिक’ म्हणून नोंदलेलं असेल तर ते ‘प्रायव्हेट’ करा. नाहीतर नियम एका प्रोफाइलला लागू आणि नेटवर्क दुसऱ्यात, असं होतं.

लिनक्सवर, म्हणजे बहुधा उबुंटूवर, यूएफडब्ल्यू हे साधं हत्यार आहे. आत येणारं सगळं अडव, बाहेर जाणारं सगळं सोड, आणि २५५६५ टीसीपीला परवानगी दे, एवढे तीन आदेश. पण मशीन दुसऱ्या खोलीतून एसएसएचवर (दुरून आदेश देण्याची सोय) चालवत असाल तर यूएफडब्ल्यू चालू करण्याआधी एसएसएचला घरातल्या नेटवर्कपुरती परवानगी द्या, नाहीतर स्वतःलाच बाहेर कोंडून घ्याल आणि मग मॉनिटर आणि कीबोर्ड उचलून नेणं आलं. सर्व्हर डॉकरमध्ये (प्रोग्राम वेगळ्या कप्प्यात चालवणारं साधन) चालवणाऱ्यांनी आणखी एक लक्षात ठेवा: डॉकरने बाहेर काढलेले पोर्ट यूएफडब्ल्यूला बगल देऊन उघडतात. यूएफडब्ल्यूची यादी ‘बंद’ म्हणत असते आणि दार उघडं असतं.

राउटर: घरातला पत्ता पक्का, मग पोर्ट

राउटर घरातल्या उपकरणांना आयपी उधार देतो, तो उद्या बदलू शकतो. फॉरवर्डिंगचा नियम मात्र एका ठरावीक आयपीकडे बोट दाखवतो. म्हणून राउटरमध्ये ‘डीएचसीपी रिझर्व्हेशन’ किंवा ‘ॲड्रेस रिझर्व्हेशन’ शोधा, सर्व्हरचा मॅक ॲड्रेस (नेटवर्क कार्डाचा स्वतःचा क्रमांक) निवडा आणि त्याला समजा १९२.१६८.१.५० कायमचा देऊन टाका. मशीनमध्ये जाऊन हाताने आयपी भरण्यापेक्षा हे बरं. सगळ्या नोंदी एका जागी राहतात आणि दोन उपकरणांची टक्कर होत नाही. लॅनचा आणि वायफायचा मॅक वेगळा असतो, लॅनचाच घ्या.

आता पोर्ट फॉरवर्डिंग. हे पान प्रत्येक राउटरमध्ये वेगळ्या नावाने लपलेलं असतं: कुठे ‘पोर्ट फॉरवर्डिंग’, कुठे ‘व्हर्च्युअल सर्व्हर’, कुठे ‘नॅट’च्या आत. भरायचं एवढंच: बाहेरचा पोर्ट २५५६५, आतला पोर्ट २५५६५, प्रोटोकॉल टीसीपी, आतला आयपी १९२.१६८.१.५०. सेव्ह करा. काही कंपन्यांच्या डब्यात हे पान साध्या लॉगिनला दिसतच नाही. अशा वेळी इंटरनेटवर सापडलेले ‘सुपर ॲडमिन’चे पासवर्ड ठोकत बसण्यापेक्षा कंपनीला फोन करून नियम टाकून घ्या किंवा डबा ब्रिज मोडवर मागा, म्हणजे तो राउटरचं काम न करता नेट फक्त पुढे देईल.

डबल नॅट असलेल्यांसाठी तीन वाटा आहेत. सगळ्यात सोपी: तुमचा स्वतःचा राउटर ‘ॲक्सेस पॉइंट’ मोडवर टाका. तो फक्त वायफाय देईल, पत्ते वाटण्याचं काम कंपनीचा डबा करेल, आणि फॉरवर्डिंगही त्याच एका डब्यात. दुसरी: कंपनीचा डबा ब्रिज मोडवर करून घ्यायचा आणि पीपीपीओईचं लॉगिन (नेटवाल्याने कनेक्शनसाठी दिलेलं नाव आणि पासवर्ड) आपल्या राउटरमध्ये भरायचं. हे जास्त नीटनेटकं, पण त्याच डब्यावर लँडलाइन किंवा टीव्हीचा सेट-टॉप बॉक्स चालत असेल तर आधी विचारून घ्या, नाहीतर खेळ सुरू होईल आणि घरातल्यांची मालिका बंद पडेल. तिसरी वाट म्हणजे दोन्हीकडे फॉरवर्ड करणं: डब्यातून राउटरकडे, राउटरमधून सर्व्हरकडे. चालतं, पण काही बिघडलं की दोन ठिकाणी शोधावं लागतं.

‘डीएमझेड’ नावाचं बटण दिसेल. ते एका मशीनचे सगळे पोर्ट बाहेर उघडे टाकतं. एका पोर्टसाठी एवढं कशाला? ‘यूपीएनपी’ही बंदच ठेवा. त्यात घरातलं कोणतंही उपकरण तुम्हाला न विचारता राउटरमध्ये दार पाडू शकतं, आणि त्या उपकरणांत तो स्वस्तातला कॅमेराही आला.

बाहेरून बघणं, आणि चूक वाचणं

घरच्या वायफायवरून स्वतःचाच बाहेरचा आयपी टाकून तपासू नका. बऱ्याच राउटरना आतून बाहेर जाऊन परत आत येण्याचा फेरा, म्हणजे हेअरपिन नॅट, जमत नाही. मग सगळं बरोबर असूनही ‘होत नाही’ असं वाटतं. मोबाइल डेटाच्या हॉटस्पॉटवर दुसरा लॅपटॉप जोडा आणि तिथून जॉइन करा. पोर्ट तपासणाऱ्या साइटही चालतील, पण सर्व्हर चालू असतानाच तपासा, कारण ऐकणारं कोणी नसेल तर पोर्ट बंदच दिसणार. शिवाय त्या साइट टीसीपीसाठी ठीक, यूडीपीचं त्यांना सहसा धड सांगता येत नाही.

पडद्यावर काय चूक येते ती नीट वाचा, अर्धं निदान तिच्यातच असतं. ‘टाइम्ड आउट’ म्हणजे पॅकेट वाटेत कुठेतरी गडप झालं, कोणी उत्तरच दिलं नाही: सीजीनॅट, फॉरवर्डिंगचा चुकलेला नियम, किंवा मशीनची फायरवॉल. ‘कनेक्शन रिफ्यूज्ड’ म्हणजे पॅकेट कोणापर्यंत तरी पोचलं आणि समोरून स्पष्ट नकार आला: सर्व्हर बंद आहे, वेगळ्या पोर्टवर आहे, किंवा राउटरनेच हात वर केले. ‘आउटडेटेड क्लायंट’ आलं तर नेटवर्कचं काम फत्ते, फक्त आवृत्ती जुळवा. आणि ‘तुम्ही व्हाइटलिस्टवर (परवानगी असलेल्या खेळाडूंची यादी) नाही’ असं आलं तर मित्राला अभिनंदनाचा मेसेज टाका.

‘टाइम्ड आउट’ सुटत नसेल तर लिनक्सवर टीसीपीडम्प लावून २५५६५ वर कान ठेवा आणि मित्राला जॉइन करायला सांगा. विंडोजवर हेच काम वायरशार्क करतं. पॅकेट येताना दिसलं तर राउटर निर्दोष, फायरवॉल बघा. काहीच आलं नाही तर राउटरचा नियम आणि त्याच्या पलीकडे बघा. हा एक प्रयोग तासाभराचा तर्कवितर्क वाचवतो.

पब्लिक आयपी बदलणारा असेल तर प्रत्येक वेळी मित्रांना नवा आकडा पाठवण्यापेक्षा डायनॅमिक डीएनएस (डीडीएनएस) घ्या, म्हणजे आयपी बदलला तरी तिकडेच नेणारं एक कायमचं नाव. डकडीएनएस, नो-आयपी अशा सेवांत एक नाव फुकट मिळतं. नो-आयपीच्या फुकट नावाला दर ३० दिवसांनी ‘हो, वापरतोय’ असं कळवावं लागतं. राउटरमध्येच डीडीएनएसचं पान असेल तर तिथे लॉगिन भरा, म्हणजे सर्व्हर बंद असतानाही नाव ताजं राहतं.

पब्लिक आयपी मिळतच नसेल तर

पहिली वाट आयपीव्ही६, म्हणजे पत्त्यांची नवी पद्धत. पुष्कळ ठिकाणी सीजीनॅटसोबत खराखुरा आयपीव्ही६ पत्ता मिळतो आणि लोकांना त्याचा पत्ताच नसतो. मशीनला २ ने सुरू होणारा लांबलचक पत्ता दिसतोय का बघा. एफई८० ने सुरू होणारा फक्त त्या तारेपुरता असतो, तो कामाचा नाही. आयपीव्ही६ मध्ये नॅट नसतो, म्हणून फॉरवर्डिंगही नसतं. राउटरच्या आयपीव्ही६ फायरवॉलमध्ये त्या मशीनच्या २५५६५ ला आत येऊ द्यायचा नियम टाकायचा आणि मशीनच्या फायरवॉलमध्ये तोच. खेळात पत्ता टाकताना तो चौकोनी कंसात लिहून पुढे अपूर्णविराम आणि पोर्ट. मेख दोन आहेत: काही कंपन्यांच्या डब्यात आयपीव्ही६ फायरवॉलचं सेटिंगच नसतं, आणि समोरच्या मित्राकडेही आयपीव्ही६ असावा लागतो. मोबाइल नेटवर बहुधा असतो, छोट्या केबलवाल्याच्या नेटवर बऱ्याचदा नसतो.

दुसरी वाट टेलस्केल किंवा झीरोटियर. सर्व्हरवर आणि प्रत्येक मित्राच्या मशीनवर ते टाकलं की सगळे जणू एकाच घरातल्या नेटवर्कवर येतात. राउटरला हातही लावावा लागत नाही, बाहेरच्या जगाला काही दिसतही नाही. ठरलेल्या पाच-सात जणांसाठी माझी पसंती हीच, पब्लिक आयपी असतानासुद्धा. टेलस्केलने दिलेला पत्ताही १०० ने सुरू होतो, त्याला सीजीनॅट समजून दचकू नका. दोन्ही बाजूंना कडक नॅट असेल तर थेट जोडणी होत नाही आणि वाहतूक मधल्या रिलेवरून जाते, तेव्हा पिंग, म्हणजे उत्तर यायला लागणारा वेळ, वाढतो.

तिसरी वाट प्लेइट डॉट जीजीसारखी टनेल सेवा. एक छोटा प्रोग्राम फक्त सर्व्हरवर चालवायचा, ती सेवा एक बाहेरचा पत्ता देते, आणि मित्रांना काहीच टाकावं लागत नाही. शाळकरी पोरांच्या टोळीला हे सोयीचं, कारण प्रत्येकाच्या घरच्या पीसीवर काही बसवून देणं म्हणजे प्रत्येकाच्या बाबांशी बोलणं. खेळाची वाहतूक त्यांच्या यंत्रावरून फिरून येते, त्यामुळे पिंग आधी मोजून मगच ठरवा.

क्लाउडवर छोटं मशीन घेऊन तिथून वायरगार्ड या व्हीपीएनने घरी बोगदा काढणारेही आहेत. ॲमेझॉनचा मुंबई विभाग २०१६ पासून आहे, त्यामुळे अंतराचा प्रश्न नाही. पण महिन्याचं भाडं भरतच असाल तर खेळ थेट तिथेच चालवलेला बरा.

दार उघडलंय, आता

२५५६५ शोधत फिरणारे बॉट, म्हणजे आपोआप चालणारे प्रोग्राम, इंटरनेटवर सतत असतात. नवा सर्व्हर त्यांना सापडायला वेळ लागत नाही. बाहेरचा पोर्ट बदलल्याने थोडा गोंगाट कमी होतो, सुरक्षा वाढत नाही. व्हाइटलिस्ट चालू करा आणि ‘एन्फोर्स व्हाइटलिस्ट’ही ट्रू करा.

आता नाजूक विषय. एखाद्या मित्राकडे खेळाची विकतची प्रत नाही म्हणून ‘ऑनलाइन मोड’ बंद करण्याची पद्धत आपल्याकडे सर्रास आहे. तो बंद केला की नावाची खातरजमा थांबते. कोणीही तुमचं नाव लावून आत येऊ शकतो, ॲडमिनचे सगळे अधिकार घेऊन. अशा वेळी व्हाइटलिस्ट शोभेची. ऑनलाइन मोड बंदच ठेवायचा असेल तर पोर्ट बाहेर उघडू नका, टेलस्केलच्या आतच खेळा.

खेळाच्या पोर्टशिवाय दुसरं काहीही फॉरवर्ड करू नका. माइनक्राफ्टचा आरकॉन (सर्व्हरला दुरून आदेश देण्याची सोय) २५५७५ नको, एसएसएचचा २२ नको, विंडोज रिमोट डेस्कटॉपचा ३३८९ तर मुळीच नको. सर्व्हर साध्या वेगळ्या यूजरखाली चालवा, ॲडमिन म्हणून नाही. डिसेंबर २०२१ मध्ये लॉग४शेल नावाचं भोक उघडं पडलं तेव्हा माइनक्राफ्टच्या चॅटमध्ये एक विशिष्ट ओळ टाइप करून समोरच्या सर्व्हरवर हवा तो प्रोग्राम चालवता येत होता. दुरुस्ती १.१८.१ मध्ये आली, पण जुन्या मॉडपॅकसाठी जुनी आवृत्ती चालवणारे आजही आहेत. त्यांनी त्या आवृत्तीसाठी दिलेला उपाय केलाय का ते तपासावं.

राउटर आणि कॅमेऱ्याचे मूळ पासवर्डही बदला. २०१६ मध्ये मिराई बॉटनेटने अशाच मूळ पासवर्डवर राहिलेल्या लाखो उपकरणांची फौज उभी केली होती, आणि ती बनवणाऱ्यांचा धंदा माइनक्राफ्ट सर्व्हरांवरच्या हल्ल्यांशी जोडलेला होता. त्याच कारणाने घरचा आयपी सार्वजनिक डिस्कॉर्डवर टाकू नका. कोणी चिडलं आणि हल्ला झाला तर सर्व्हरबरोबर घरातल्यांचं ऑफिसचं कामही बंद पडतं.

बॅकअप घेताना जगाचं फोल्डर नुसतं कॉपी करू नका, मध्येच लिहिलं जात असेल तर प्रत फाटकी निघते. सर्व्हरच्या कन्सोलवर आधी ‘सेव्ह-ऑफ’, मग ‘सेव्ह-ऑल फ्लश’, मग कॉपी, मग ‘सेव्ह-ऑन’. प्रत त्याच डिस्कवर ठेवू नका.

पावसाळा आणि वीज

लॅपटॉप बॅटरीवर तगेल, पण वीज गेली की फायबरचा डबा आणि राउटर आधी मरतात. त्यांच्यासाठी १२ व्होल्टचा छोटा डीसी यूपीएस मिळतो. घेण्याआधी दोन्ही अडॅप्टरवरचे व्होल्ट आणि अँपिअर वाचा, कारण काही राउटर ९ व्होल्टवर चालतात. वीज परत आल्यावर सर्व्हर आपोआप उठावा म्हणून लिनक्सवर सिस्टिमडीची सेवा बनवा, विंडोजवर टास्क शेड्युलरमध्ये टाका, आणि मशीनच्या बायोसमध्ये ‘पॉवर परत आली की चालू हो’ हा पर्याय असेल तर तो लावा.

लाइट गेल्यावर इमारतीच्या जिन्यातला किंवा गच्चीवरचा केबलवाल्याचा स्विच बंद पडत असेल तर तुमच्या यूपीएसने काही होणार नाही. त्याच्या डब्याला बॅटरी आहे का, हे स्टॅटिक आयपीसाठी फोन कराल तेव्हाच विचारून घ्या.